जुनी जॉर्जियन रेक्टरी कशी पाहावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या खेड्यात फिरताना चर्चच्या आसपास एखाद्या फाटकावर 'द ओल्ड रेक्टरी' अशी पाटी हमखास दिसते. आत खडी पसरलेली वाट, दोन मजली घर, मधोमध दार आणि दोन्ही अंगांना उंच खिडक्या. नक्षी जवळजवळ नाहीच. तरीही पाय थबकतात. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामामुळे माझा या घरांशी रोजचा संबंध येतो. इथे शिकायला आलेले मराठी विद्यार्थी, फिरायला आलेली मंडळी आणि खेड्यात घर शोधणारी कुटुंबं मला यांच्याबद्दल सतत काही ना काही विचारतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

रेक्टरी म्हणजे चर्चचाच भाग का?

नाही. रेक्टरी म्हणजे गावच्या धर्मगुरूचं राहतं घर. ते पदाबरोबर मिळायचं आणि पदाबरोबरच सोडावं लागायचं. रेक्टरचं उत्पन्न दोन वाटांनी यायचं. एक म्हणजे गावच्या पिकाचा दहावा हिस्सा आणि दुसरी म्हणजे चर्चच्या नावे असलेली जमीन. आपल्याकडे देवस्थानाला इनाम जमीन असते आणि पुजाऱ्याचा चरितार्थ तिच्यावर चालतो, तसाच हा प्रकार.

धान्य, गवत आणि लाकूड यांचा मोठा हिस्सा रेक्टरला मिळे. ज्या गावात हा हिस्सा दुसऱ्याच कुणाच्या हाती गेलेला असे, तिथल्या धर्मगुरूला व्हिकर म्हणत. त्याच्या वाट्याला कोंबड्या, फळं, लोकर असा किरकोळ भाग यायचा. म्हणूनच रेक्टरी बहुधा व्हिकरेजपेक्षा, म्हणजे व्हिकरच्या घरापेक्षा, ऐसपैस असते. 1836 च्या कायद्याने धान्याच्या जागी रोख रक्कम आली, पण तोवर यातली बरीच घरं बांधून झाली होती.

जॉर्जियन, पॅलेडियन, निओ-क्लासिकल हे सगळं एकच आहे का?

जॉर्जियन हे कालखंडाचं नाव आहे. 1714 ते 1830 या काळात इंग्लंडच्या गादीवर ओळीने चार जॉर्ज बसले. त्या काळातल्या कुठल्याही इमारतीला जॉर्जियन म्हणता येतं.

पॅलेडियन आणि निओ-क्लासिकल या शैली आहेत. 1720 च्या सुमारास इंग्लंडमधल्या उमरावांनी सोळाव्या शतकातला इटालियन वास्तुविशारद पॅलाडिओ याला गुरू मानलं आणि त्याच्या चष्म्यातून प्राचीन रोमकडे पाहायला सुरुवात केली. पुढे इटलीत ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या दोन रोमन शहरांचं उत्खनन सुरू झालं, 1738 मध्ये हर्क्युलेनियमचं आणि 1748 मध्ये पॉम्पेईचं. स्टुअर्ट आणि रेव्हेट या दोन वास्तुविशारदांनी अथेन्सला जाऊन तिथल्या इमारतींची प्रत्यक्ष मापं घेतली आणि त्या कामाचा पहिला खंड 1762 मध्ये छापला. वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडम इटलीहून परतला तो 1758 मध्ये. त्यानंतरच्या पिढीला पॅलाडिओ मध्यस्थ म्हणून नको होता. मूळ अवशेष स्वतः पाहून तिने काम केलं. ही निओ-क्लासिकल शैली. भिंती अधिक सपाट झाल्या, नक्षी उथळ आणि बारीक झाली, छपरांचा उतार कमी झाला.

खेड्यातल्या रेक्टरीत या दोन शैली बहुतेक वेळा मिसळलेल्याच दिसतात. गावच्या गवंड्याला शैलीच्या नावाशी कर्तव्य नव्हतं.

निओ-क्लासिकल म्हणता, मग खांब कुठे आहेत?

हा प्रश्न मुंबईकर सर्वांत आधी विचारतात आणि ते स्वाभाविकच आहे. आपल्या डोळ्यांसमोर 1833 साली पुरा झालेला मुंबईचा टाऊन हॉल असतो, म्हणजे एशियाटिक सोसायटीची इमारत. रुंद पायऱ्या, त्यावर ग्रीक धाटणीचे भक्कम डोरिक खांब आणि वर त्रिकोणी शिखर. तो सरकारी इमारतीचा थाट आहे. रेक्टरीने तेच व्याकरण आवाज खाली आणून वापरलं.

खांब असलाच तर तो दाराशी असतो. भिंतीतून जेमतेम इंच-दोन इंच पुढे आलेले दोन अर्धस्तंभ, त्यांच्यावर आडवी पट्टी आणि तिच्यावर छोटंसं त्रिकोणी शिखर किंवा पंख्याच्या आकाराचा झरोका. बाकी सगळी भिंत मोकळी. पण ही भिंत प्राचीन मंदिराच्याच मापाने बांधलेली असते. खाली जोतं, मध्ये अंग आणि वर छज्जासारखी पुढे येणारी कॉर्निस. खांबाला तळखडा, दांडा आणि शीर्ष असतं, तेच तीन भाग इथे अख्ख्या भिंतीला मिळालेले असतात. खांब काढून घेतला, पण त्याचं माप मागे ठेवलं.

खिडक्यांची उंची बघा. तळमजल्याच्या खिडकीची उंची साधारण रुंदीच्या दुप्पट असते. वरच्या मजल्यावर रुंदी तीच राहते, पण उंची थोडी उतरते. त्याच्याही वर माळा असेल तर तिथली खिडकी जवळजवळ चौरस. या उतरत्या मापांमुळे घर जमिनीवर घट्ट बसल्यासारखं दिसतं. दोन खिडक्यांमधली भिंतही मोजून सोडलेली असते, बहुधा खिडकीच्या रुंदीएवढी किंवा त्याहून अधिक. दर्शनी भागात तीन किंवा पाच उभे पट्टे, म्हणजे खिडक्यांच्या उभ्या रांगा, असतात, कारण विषम संख्या असली तरच दार बरोबर मध्यावर येतं.

एखाद्या रेक्टरीत काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाही, असं झालं तर ही मापं तपासा. पुढच्या काळात कुणीतरी एखादी खिडकी रुंद केलेली असते, नाहीतर छपराची कड उचललेली असते. सजावट बिघडली तर डोळा सहज माफ करतो, माप बिघडलं तर नाही. या घरांचं सगळं सौंदर्य मापात आहे, असं माझं ठाम मत आहे.

खिडक्यांच्या काचा इतक्या लहान लहान का?

कारण मोठी काच मिळतच नव्हती. काच कारागीर नळीने फुंकून गरम काचेचा फुगा करायचा, मग तो भराभर फिरवून ताटासारखा पसरवायचा. हे ताट सव्वा-दीड मीटर व्यासाचं असे आणि त्याच्या मध्यभागी जाड गाठ राही. गाठ टाळून चौकोन कापले की लहानच तुकडे हाती लागत. म्हणून वरच्या झडपेत सहा आणि खालच्या झडपेत सहा तावदानं, ही नेहमीची मांडणी झाली.

अशा खिडकीसमोर सकाळच्या तिरप्या उन्हात उभं राहा. काचेवर अगदी मंद, वर्तुळाकार लहरी दिसतात. प्रत्येक तावदानाचा बाक किंचित निराळा असतो, त्यामुळे समोरच्या झाडाचं प्रतिबिंब बारा तुकड्यांत बारा प्रकारे हलतं. आधुनिक काचेत आरशासारखा सपाट चकचकाट येतो आणि भिंतीचा जीवच जातो. जुनी काच फुटली की ती पुन्हा मिळत नाही, म्हणून कामाला आलेल्या माणसांना मी पहिल्यांदा काचांबद्दलच बजावते.

खिडकी उघडते ती वर-खाली सरकून. चौकटीच्या दोन्ही बाजूंना लाकडी पोकळ पेट्या असतात. त्यांत दोरीला लटकवलेली लोखंडी किंवा शिशाची वजनं झुलतात. दोरी चौकटीतल्या छोट्या कप्पीवरून येऊन झडपेला बांधलेली असते. वजन आणि झडप यांचा तोल बरोबर असला की दोन बोटांनी झडप वर जाते आणि सोडाल तिथे थांबते. झडप अडकते म्हणून लोक कंटाळून खिडकी बदलायला निघतात. बहुतेक वेळा दोरी तुटलेली असते किंवा रंगाचे थरावर थर चढून खाचा बुजलेल्या असतात. सुताराचं एका दिवसाचं काम असतं ते.

तावदानांमधल्या लाकडी पट्ट्यांवरून वय ओळखता येतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्या इंच-दीड इंच जाड असत आणि 1820 पर्यंत अर्ध्या इंचावर आल्या. झडपेच्या कोपऱ्यातून खाली आलेली छोटी शिंगं दिसली तर ती खिडकी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरची धरायला हरकत नाही. 1845 मध्ये काचेवरचा कर उठला, मोठ्या जड काचा आल्या, मधल्या पट्ट्या गेल्या आणि सांधे मजबूत करायला ती शिंगं ठेवावी लागली.

काही खिडक्या विटांनी बुजवलेल्या दिसतात. हा खिडकी-कराचा परिणाम का?

काही वेळा हो. 1696 ते 1851 या काळात इंग्लंडमध्ये खिडक्यांच्या संख्येवर कर होता आणि तो वाचवायला लोकांनी खिडक्या बंद केल्या, हे खरं आहे. पण दिसली बुजवलेली खिडकी की लावला कर, असं करू नका. पुष्कळ ठिकाणी ती खिडकी पहिल्या दिवसापासून आंधळीच असते. आत शेकोटीची भिंत किंवा जिना आलेला असतो, पण बाहेरून रांग पुरी दिसायला हवी, म्हणून तिथे फक्त खिडकीचा आकार सोडलेला असतो. ओळखायचं कसं? कोनाड्यातल्या विटा आणि आजूबाजूच्या विटा एकाच जातीच्या, सांधे एकमेकांत गुंफलेले असतील तर ती मुळातच आंधळी. मध्ये सरळ उभी फट दिसली तर ती नंतर बुजवलेली.

गावच्या धर्मगुरूकडे असं घर बांधायला पैसा कुठून यायचा?

स्वतःचा पैसा किंवा श्रीमंत सासुरवाडी हा एक मार्ग होताच. बऱ्याच ठिकाणी धर्मगुरू जमीनदाराचा धाकटा मुलगा असायचा. थोरल्याला जहागीर मिळे आणि धाकट्याला त्याच घराण्याच्या हातातलं धर्मपद.

पण कायद्याची मदत अधिक महत्त्वाची ठरली. 1776 च्या कायद्याने, ज्याला गिल्बर्टचा कायदा म्हणतात, धर्मगुरूला पदाचं पुढचं उत्पन्न तारण ठेवून घरासाठी कर्ज काढता येऊ लागलं. त्याचे हप्ते पदावर बसणाऱ्याने भरायचे, तो गेला तर पुढच्याने. गरीब धर्मपदांच्या मदतीसाठी 1704 मध्ये स्थापन झालेला 'क्वीन अ‍ॅन्स बाउंटी' हा निधी असं कर्ज देत असे. त्यानंतर 1803 चा कायदा आला. धर्मगुरूने आपल्याच गावात राहिलं पाहिजे, ही जुनी सक्ती त्याने अंमलात आणण्याजोगी केली. तोवर अनेक जण लंडन किंवा बाथ अशा शहरांत राहून गावात तुटपुंज्या पगाराचा मदतनीस ठेवत. आता गावात राहायचं तर घर हवं, आणि घरासाठी कर्जाची सोय होतीच. अठराव्या शतकाच्या अखेरीला आणि एकोणिसाव्याच्या पहिल्या तीस वर्षांत इतक्या रेक्टऱ्या एकदम का उभ्या राहिल्या, त्याचं उत्तर शैलीपेक्षा या दोन कायद्यांत जास्त आहे.

याला एक क्रूर बाजूही होती. धर्मगुरू वारला आणि घर मोडकळीला आलेलं निघालं, तर नवा आलेला माणूस दुरुस्तीची भरपाई मृताच्या कुटुंबाकडून मागू शकत असे. विधवेला घर तर सोडावं लागेच, वर छपराचं बिलही भरावं लागे.

ही घरं नामांकित वास्तुविशारदांनी बांधली का?

फार थोडी. त्यांतलं सर्वांत महत्त्वाचं उदाहरण नॉरफोकमधल्या सॅक्सलिंगहॅम नेदरगेट गावचं. ती रेक्टरी जॉन सोनने 1784 ते 1787 या काळात रेव्हरंड जॉन गूच यांच्यासाठी बांधली. सोन गवंड्याचा मुलगा. शिष्यवृत्ती मिळवून तो इटलीला गेला, 1780 मध्ये परत आला आणि सुरुवातीची काही वर्षं नॉरफोकमधल्या मंडळींच्या लहानमोठ्या कामांवरच त्याने नाव कमावलं. 1788 मध्ये तो बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद झाला. सॅक्सलिंगहॅमच्या घरात एका बाजूला मध्यभागी भिंत गोलाकार पुढे येते आणि तिच्यात उंच खिडक्या आहेत. बाकी भिंत कोरी. पुढे बँकेच्या प्रचंड दालनांमध्ये त्याने कोरी भिंत आणि वक्राकार यांच्याशी जे केलं, त्याची सुरुवात या लहान घरात दिसते. मोठ्या वास्तुविशारदाची लहान कामं जरूर पाहावीत. तिथे लपायला जागा नसते.

बाकी बहुतेक रेक्टऱ्या गावच्या गवंडी-सुतारांनी नमुन्यांच्या पुस्तकांवरून बांधल्या. दाराची चौकट अमुक पानावरची, जिन्याचा कठडा तमुक पानावरचा. त्यामुळे डेव्हनमधलं आणि यॉर्कशायरमधलं दार जुळं वाटतं.

आणि काही घरं स्वतः धर्मगुरूनेच आखली. यॉर्कच्या ईशान्येला असलेल्या फॉस्टनची हकिकत मला फार आवडते. सिडनी स्मिथ हा लंडनच्या बैठकी गाजवणारा लेखक आणि वक्ता. 1806 मध्ये त्याला फॉस्टनचं पद मिळालं, पण तो लंडनमध्येच राहिला. मग 1803 च्या कायद्याचा बडगा आला आणि त्याला यॉर्कशायर गाठावं लागलं. गावात सुमारे दीडशे वर्षं एकही रेक्टर राहिलेला नव्हता आणि रेक्टरी म्हणून जे होतं ते झोपडीच्या तोडीचं. लिंबूसुद्धा बारा मैलांवर, असं त्याने या जागेचं वर्णन केलं होतं.

यॉर्कच्या एका वास्तुविशारदाने 3,000 पौंडांचा आराखडा काढून दिला. स्मिथने तो नाकारला आणि बायकोबरोबर बसून स्वतःच घर आखलं. गावाची माती चिकण आहे, तर विटा इथेच पाडू, असं ठरलं. दीड लाख विटा भाजल्या आणि सगळ्या वाया गेल्या. मग वाहतुकीला चार बैल घेतले, त्यांची नावं टग, लग, हॉल आणि क्रॉल. चिखलात दोन बैल भोवळ येऊन पडू लागले, दोन बसकण मारू लागले. शेवटी बैल विकून घोडे घ्यावे लागले. गावातल्याच एका सुताराला ओंडके आणून दिले आणि त्याच्याकडून अख्ख्या घराचं सामान करून घेतलं. 1814 च्या मार्चमध्ये, भिंती पुरत्या वाळायच्या आत, कुटुंब राहायला गेलं. कर्ज पुढे कित्येक वर्षं फिटत राहिलं. 1829 मध्ये स्मिथ सॉमरसेटला गेला आणि घर, पदाबरोबर, पुढच्या रेक्टरचं झालं.

ज्याच्या मालकीचं कधीच होणार नव्हतं, त्या घरासाठी त्याने एवढं केलं.

आतली मांडणी कशी असते?

दारातून आत गेलं की फरसबंद प्रवेशिका, समोर जिना. एका बाजूला जेवणाची खोली, दुसऱ्या बाजूला बैठकीची. मागे धर्मगुरूची अभ्यासिका. तिला बऱ्याचदा बाजूचं वेगळं दार असे, म्हणजे हिस्सा भरायला आलेला शेतकरी किंवा लग्नाची नोंद करायला आलेला माणूस चिखलाचे बूट घेऊन घरभर फिरायला नको. मला ही खोली सगळ्यांत बोलकी वाटते. तिच्यात घर आणि कचेरी एकत्र येतात.

स्वयंपाकघर, भांडी घासायची जागा, दुधाची थंड खोली, तळघर हे सगळं मागच्या बाजूला किंवा स्वतंत्र पाख्यात. अंगणापलीकडे पागा आणि बग्गीची खोली. नोकरांसाठी वेगळा अरुंद जिना माळ्यापर्यंत जातो. मुख्य जिन्याचा कठडा महोगनीचा, हाताला गुळगुळीत, खालच्या टोकाला गोगलगाईसारखा वळलेला. त्याखालचे गज बारीक आणि साधे. तेवढीच काय ती चैन.

खिडकीशेजारच्या भिंतीत लाकडी फळ्या दिसल्या तर त्या ओढून पाहा. आत घडी घातलेली झडपं असतात. रात्री ती लावली की खोली उबदार राहते. अनेक घरांत ती रंगाने चिकटून शंभर वर्षं बंद पडलेली असतात.

भिंती विटांच्या की दगडाच्या?

जे जवळ मिळालं त्याच्या. पूर्वेकडे वीट, कॉट्सवोल्डमध्ये पिवळसर चुनखडी, यॉर्कशायरच्या डोंगरात काळपट वालुकाश्म. विटांवर 1784 ते 1850 पर्यंत कर होता, तरी वीट मागे पडली नाही. चांगल्या दर्शनी भिंतीत एक वीट लांब बाजूने आणि पुढची आखूड बाजूने, अशी आळीपाळीने लावलेली दिसेल. मागच्या भिंतीत तोच काटेकोरपणा शोधू नका, पैसा पुढे खर्च व्हायचा. छप्पर बहुधा चौपाखी असतं. वेल्समधली पातळ स्लेट जहाजांनी आणि कालव्यांनी सगळीकडे पोचू लागली, तेव्हा कमी उताराचं छप्पर शक्य झालं.

ब्रॉन्टे भगिनींचं हॉवर्थचं घर यातच मोडतं का?

शार्लट, एमिली आणि अ‍ॅन ब्रॉन्टे या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीकार बहिणींचं हे घर. काटेकोरपणे पाहिलं तर ती रेक्टरी नाही. त्यांचे वडील पॅट्रिक ब्रॉन्टे हे कायम नेमणुकीचे क्युरेट होते, म्हणजे रेक्टरच्या दोन पायऱ्या खाली. म्हणून त्या घराला पार्सनेज, म्हणजे नुसतं धर्मगुरूचं घर, म्हणतात. पण घराचा साचा तोच आहे. 1778-79 मध्ये बांधलेलं, दर्शनी भागात पाच पट्टे, मधोमध त्रिकोणी शिखराचं दार, उजवीकडे वडिलांची अभ्यासिका, डावीकडे जेवणाची खोली. त्या खोलीत तिन्ही बहिणींनी लिहिलं. यॉर्कशायरचा वारा सोसेल असा जाड दगड.

हे घर मी मुद्दाम पाहायला सांगते, कारण तिथे बदल वाचता येतात. 1850 मध्ये शार्लटने जेवणाची खोली आणि तिच्यावरची निजायची खोली प्रवेशिकेकडे सरकवून मोठी केली. मागची सामानाची खोली 1854 मध्ये तिच्या होणाऱ्या नवऱ्याची अभ्यासिका झाली. वडिलांना आगीची फार धास्ती, त्यामुळे खिडक्यांना पडदे नव्हते, ते तिनेच लावले. 1861 मध्ये वडील वारले. जावई तोवर तिथेच क्युरेट होता, पण पद त्याला मिळालं नाही. त्याला घर सोडावं लागलं आणि सामानाचा लिलाव झाला. पुढच्या धर्मगुरूने 1878 मध्ये उजव्या हाताला दुपाखी छपराचा मोठा भाग जोडला. समोर उभं राहिलं की तो लगेच कळतो. मूळ घर शांत बसलेलं आणि शेजारी हा उंच त्रिकोण. 1928 मध्ये सर जेम्स रॉबर्ट्स यांनी घर विकत घेऊन ब्रॉन्टे सोसायटीला दिलं आणि तिथे संग्रहालय उघडलं.

व्हिक्टोरियन लोकांना ही घरं आवडत नव्हती का?

त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना नाही. ग्रीक-रोमन शैली ख्रिस्तपूर्व देवळांची, तेव्हा धर्मगुरूच्या घराला मध्ययुगीन चर्चची गॉथिक शैलीच शोभते, असा पक्ष 1840 नंतर जोरात होता. वास्तुविशारद पुजिन हा त्याचा बिनीचा माणूस. त्या काळात टोकदार कमानींच्या नव्या रेक्टऱ्या आल्या आणि जुन्यांना मोठे पाखे जोडले गेले.

चर्चने ही घरं विकली तरी का?

परवडेनात म्हणून. विसाव्या शतकात नोकरचाकर गेले, कोळसा महागला, धर्मगुरूचं उत्पन्न आटलं. दहा खोल्यांचं घर गरम ठेवणं एका कुटुंबाला शक्य नव्हतं. त्यात अनेक गावं एकाच धर्मगुरूच्या हाताखाली आली, मग तीन गावांच्या तीन रेक्टऱ्या हव्यात कशाला? मोठं घर विकायचं आणि बागेच्या कडेला लहान नवं घर बांधायचं, हे दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास झालं. 'ओल्ड रेक्टरी' आणि तिच्या शेजारी विटांची साधी 'न्यू रेक्टरी' अशी जोडी म्हणूनच दिसते. गावाच्या दृष्टीने यात तोटा झाला, असं मला वाटतं. अभ्यासिकेचं ते बाजूचं दार गावाला उघडं होतं, आता फाटक बंद असतं. पण खाजगी मालकांनी पैसा ओतला म्हणूनच यातली पुष्कळ घरं टिकून राहिली, हेही तितकंच खरं.

आम्ही अशा घरात राहतो. हवे ते बदल करता येतील का?

घर संरक्षित यादीत आहे का, हे आधी बघा. 1700 ते 1850 मधली, मूळ रूपात टिकलेली बहुतेक घरं यादीत असतात. एकूण तीन श्रेणी आहेत: एक, दोन-तारांकित आणि दोन. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती शेवटच्या श्रेणीत आहेत, पण कायदा तिघांनाही लागू होतो. यादीत असलेल्या घराचं स्वरूप बदलेल असं कुठलंही काम, मग ते आतलं असलं तरी, स्थानिक नियोजन खात्याच्या परवानगीशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे. 'यादीत फक्त दर्शनी भाग आहे' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जिना, शेकोटी, झडपं, सगळं त्यात येतं.

भिंतींना ओल येते. सिमेंटने विटांमधले सांधे भरून घेऊ का?

कृपा करून नको. या भिंती चुन्यात बांधल्या आहेत. भिंत पाणी थोडं पिते आणि चुन्याच्या सांध्यांतून ते पुन्हा हवेत सोडते. सिमेंटने सांधे बंद केले की पाण्याला विटेतूनच बाहेर पडावं लागतं. थंडीत ते विटेच्या पृष्ठभागाखाली गोठतं, फुगतं आणि विटेचा चेहरा पापुद्र्यासारखा गळून पडतो. सांधा शाबूत आणि वीट खाल्लेली, असं दृश्य दिसलं की समजा, तिथे सिमेंट वापरलंय. सांधा विटेपेक्षा मऊच हवा. झिजायचं तर त्याने झिजावं, तो पुन्हा भरता येतो.

आतल्या छतांचंही तसंच. लाकडी पट्ट्यांवर जनावरांचे केस मिसळलेला चुना थापलेला असतो. भेग दिसली म्हणून अख्खं छत पाडू नका. आधी वर चढा आणि पन्हळी बघा. निओ-क्लासिकल घरांत छपराची कड कठड्याआड लपवलेली असते आणि पन्हळही आतच असते. तिच्यात पानं साचली की पाणी बाहेर न पडता तुळईच्या टोकांत मुरतं. माझ्या पाहण्यातलं सर्वांत मोठं नुकसान या लपलेल्या पन्हळींनीच केलंय. वर्षातून दोनदा, पानगळ संपल्यावर एकदा आणि वसंतात एकदा, ती साफ करा.

थंडी कशी आवरायची? दुहेरी काचा बसवू का?

आधी माळ्यावर ऊबरोधक थर घाला, खिडक्यांच्या फटींना ब्रशसारख्या पट्ट्या लावा आणि ती चिकटलेली लाकडी झडपं मोकळी करून रात्री लावायला लागा. एवढ्याने मोठा फरक पडतो. तरीही कमी पडलं तर आतल्या बाजूने वेगळी काढता येण्याजोगी काच बसवा. मूळ खिडकी जागची हलवू नका.

यातलं एखादं घर आतून पाहता येईल का?

हॉवर्थ संग्रहालय असल्यामुळे तिकीट काढून सहज पाहता येतं. फॉस्टन आणि सॅक्सलिंगहॅम ही खाजगी घरं आहेत, तिथे फाटकाबाहेरूनच नमस्कार. मात्र 'नॅशनल गार्डन स्कीम' या 1927 पासूनच्या उपक्रमात उन्हाळ्यात अनेक जुन्या रेक्टऱ्यांच्या बागा ठरावीक दिवशी लोकांसाठी उघडतात. जमलेले पैसे परिचारिका आणि आरोग्यसेवा संस्थांना जातात. बागेतून घराची मागची बाजू दिसते आणि अभ्यासकाला तीच जास्त शिकवते. सोनच्या कामाची ओळख करून घ्यायची तर लंडनमध्ये लिंकन्स इन फील्ड्सवरचं त्याचं स्वतःचं घर पाहा. त्याने ते राष्ट्राला दिलं आणि आजही तिथे प्रवेश मोफत आहे.

एखाद्या रेक्टरीचं नेमकं वय कसं शोधायचं?

दगडावर कोरलेल्या सालावर विसंबू नका, ते नुसत्या दुरुस्तीचंही असू शकतं. राष्ट्रीय वारसा यादीतली नोंद इंटरनेटवर मोफत मिळते, सुरुवात तिथून करा. नंतर त्या जिल्ह्याच्या अभिलेखागारात जाऊन बिशपच्या कचेरीची जुनी कर्जप्रकरणं मागवा. 1776 नंतर ज्याने ज्याने तारणावर कर्ज काढलं, त्याला अर्जासोबत खर्चाचा अंदाज आणि बहुधा नकाशेही द्यावे लागले. गवंड्याच्या सहीचे, रंगवलेले ते नकाशे अनेक ठिकाणी जपून ठेवलेले आहेत. त्यांत कधी कधी पाडलेल्या जुन्या घराचंही वर्णन सापडतं. जाण्याआधी गावाचं नाव, बिशपचा प्रांत आणि अंदाजे काळ एवढं हाताशी ठेवा आणि ई-मेलने वेळ ठरवून घ्या, कारण मोठे नकाशे आधी सांगितल्याशिवाय बाहेर काढून मिळत नाहीत.